दुसऱ्या सहीची रेघ

मंगळवारी सकाळी एलुबी अंगणात तूर निवडत बसली होती. चांगले दाणे सुपात, खडे एका बाजूला, किडके दाणे कोंबड्यांना. दीड वर्षाचा धाकटा पाठीशी कापडात बांधलेला होता आणि झोपेत तिच्या मानेवर लाळ गाळत होता. थोरला शाळेत गेला होता, मधला आंब्याची कोय चोखून चोखून पांढरी करत बसला होता. नोव्हेंबर चाललेला. शेतात वरंबे घालून झाले होते, पावसाचा पत्ता नव्हता आणि घरातला मका तळाला गेल्यामुळे सारं गाव आंब्यांवर दिवस काढत होतं. सगळं रोजच्यासारखं होतं. फक्त एलुबीनं कमरेला चितेंजेचं नवं छापील कापड गुंडाळलं होतं, जे ती एरवी चर्चला जातानाच पेटीतून काढायची. ते तिच्या आईनं, डायलेसीनं, बरोबर टिपलं.

"कुठं निघालीस गं?"

"दवाखान्यात."

"कोण आजारी आहे?"

"कुणी नाही."

"मग दवाखान्यात काय नाचायला चाललीस?"

"काम आहे, आई," एलुबी म्हणाली आणि सूप झटकून उठली.

डायलेसीच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. या महिन्यात पोरगी दवाखान्यात निघाली ती तिसऱ्यांदा. जावई वायसन जोनीला. जोनी म्हणजे जोहान्सबर्ग, आमच्या मुलांजे डोंगराखालच्या मैदानातला निम्मा तरणा गडी तिकडेच राबतो आणि वर्षातून एकदा नाताळाला घरी येतो. नवरा अकरा महिने लांब, अंगावर नवं कापड आणि दवाखान्यात तो सायकलवाला आरोग्यसेवक हॅरोल्ड, बिनलग्नाचा, दात पांढरेशुभ्र. आईच झाली तरी मन चिंती ते वैरी न चिंती. लेक वाटेच्या वळणाआड गेली तशी डायलेसीनं घरात शिरून उशा उलट्या केल्या, पेटी उपसली आणि शेवटी कोंड्याच्या पोत्याखाली हात घातला. तिथं एलुबीची दवाखान्याची वही होती आणि वहीत चौघडी घातलेला एक कागद.

डायलेसीला वाचता येत नव्हतं. आता हा कागद घेऊन ती लेकीची वाट बघत बसली असती तर पुढचं बरंच टळलं असतं. पण आमच्याकडे बाईला अडचण आली की पाय आपोआप एकाच दिशेला वळतात, भावाच्या घराकडे. ती कागद कमरेच्या कापडात लपवून भावाकडे, लामेककडे गेली.

इथं दोन शब्द सांगायला हवेत. आमच्याकडे लेकरू आईच्या कुळाचं. घर बाईचं, शेत बाईचं, लग्न झालं की नवरा तिच्या अंगणात राहायला येतो. ऐकायला किती छान वाटतं! पण त्या घरावर, त्या शेतावर आणि त्या बाईवर नजर ठेवायला असतो तिचा मामा. लग्नसुद्धा दोन मामांच्या साक्षीनं लागतं, एक कोंबडा देतो, दुसरा कोंबडी देतो, आणि पुढं नवराबायकोत काही बिनसलं तर न्यायनिवाडा त्यांचाच. ज्या मामाच्या बहिणी, भाच्या आणि त्यांची लेकरं जास्त, त्याचा गावात मान मोठा. म्हणजे बघा, घर बाईचं, शेत बाईचं आणि पोट तेवढं मामाचं.

लामेकमामाच्या पोटात तर या वर्षी वेगळीच कळ होती. गावचा म्हातारा मुखिया अंथरुणाला खिळला होता आणि त्याच्या जागेवर तिघांचा डोळा होता. बाकी दोघांच्या कुळात पोरीबाळींचा नुसता गजबजाट. लामेकच्या कुळात मोजायला बायका होत्या दोन, बहीण डायलेसी आणि भाची एलुबी. आणि एलुबीला झाले होते तिन्ही मुलगे. मुलगे मोठे होणार आणि दुसऱ्यांच्या पोरींच्या अंगणात राहायला जाणार. आमच्याकडे मुलगी झाली नाही तर कूळ बुडतं.

लामेकनं चष्मा लावून कागद वाचला, एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं.

"डायलेसी, तुझी लेक बंद करून घ्यायला निघालीय."

"काय बंद?"

"पोट गं! कायमचं. परत उघडत नाही ते."

लामेकनं फेऱ्या मारायला सुरुवात केली.

"नवरा अकरा महिने घरी नाही. मग हिला मुलाची भीती कुणाकडून? सांग तूच. पाऊस नसताना छत्री कोण उघडतं?"

"मलाही तेच वाटतंय रे," डायलेसी म्हणाली. तिला अजून या वाक्याची लाज वाटते.

त्याच वेळी दवाखान्यात एलुबी गोमानीसाहेबांच्या टेबलापुढं उभी होती. गोमानी आमच्या आरोग्यकेंद्राचे प्रमुख. कपडे कडक इस्त्रीचे, फाईल नीटनेटक्या, पेन्सिलीसुद्धा उंचीनं लावलेल्या.

"वय काय म्हणालात?"

"तेवीस."

"तेवीस! माझी सायकल तुमच्यापेक्षा म्हातारी आहे, बाई. उद्या हा नवरा राहिला नाही, दुसरा केलात, त्याला मूल हवं असलं तर? उद्या देव न करो, या पोरांना काही झालं तर? मग माझ्या दारात येऊन रडाल."

"मी मेल्यावर रडायला कशी येणार, साहेब?"

शेजारी औषधं मोजणारी सिस्टर ग्वाझा गालात हसली. गोमानी हसले नाहीत.

"जीभ फार चालते तुमची. सही आणली का नवऱ्याची?"

सही कुठून आणणार? एलुबीनं फोनवर वायसनला विचारून बघितलं होतं. सगळं ऐकून घेतल्यावर तो एवढंच म्हणाला होता, "हे तुला शिकवलं कुणी?" आणि मग रोज रात्री त्याचे फोन यायला लागले, कुठं आहेस, मागं आवाज कुणाचा येतोय. मागं कोंबड्या होत्या.

"नवरा नसेल तर मामाची आणा," गोमानी म्हणाले. त्यांनी गठ्ठ्यातला एक कोरा कागद काढून पेन्सिलीच्या टोकानं दाखवला. "हा सरकारी कागद आहे, दोन सह्या लागतात. ही तुमची रेघ, ही त्यांची. पुढच्या गुरुवारी शस्त्रक्रियेची गाडी येतेय. डिसेंबरात नाही, मग एकदम जानेवारीत."

जानेवारी म्हणजे उशीर. वायसन डिसेंबरच्या मध्यावर यायचा. दिवस राहू नयेत म्हणून देतात ती तीन महिन्यांची सुई दवाखान्यात ऑगस्टपासून नव्हती, आणि होती तेव्हा एलुबीला महिनाभर रक्त जायचं. वायसन आला की काय होणार हे तिला पक्कं माहीत होतं. तीन बाळंतपणांपैकी दोन पोट कापून झालेली. धाकट्याच्या वेळी जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं टाके घालताना सिस्टरला म्हटलेलं तिनं अर्धवट शुद्धीत ऐकलं होतं, "पिशवी बघ, विरलेल्या कापडासारखी झालीय." घरी सोडताना त्यांनी वहीत लाल शाईनं लिहिलं होतं, यापुढे गर्भ राहू देऊ नये, जिवाला धोका. चौथ्या बाळानं ती मरणार होती. इतकी साधी गोष्ट होती.

आणि मरण कसं असतं तेही तिनं बघितलं होतं. तिची मैत्रीण फानेसी मार्च महिन्यात याच बाकावर बसली होती, पाचवं नको म्हणून. "नवऱ्याची सही आण," असं सांगून तिला परत पाठवलं. नवरा चहाच्या मळ्यात दुसऱ्या बाईबरोबर राहत होता, तो सही कशाला देतोय? आणि मामा फानेसीला कुणी उरलेला नव्हता. नवरा एकदा येऊन गेला आणि तिला दिवस राहिले. ऑक्टोबरात ती सहाव्या की सातव्या महिन्यात, सायकलच्या कॅरिअरवर दवाखान्यात नेता नेता गेली. तिची चार पोरं आता तिची आई एनिफा सांभाळत होती. एनिफाचं घर दवाखान्याच्या वाटेवरच. एलुबी तिथून जाताना नेहमी मान खाली घालायची.

रविवारी चर्च सुटल्यावर लामेकच्या आंब्याखाली बैठक बसली. वायसनकडून त्याचा म्हातारा मामा आला होता. आणि खुद्द वायसन होता फोनमध्ये. फोन उपड्या उखळावर ठेवलेला, आवाज मोठा केलेला. बायका चटयांवर, पुरुष बाकांवर, आणि ज्यांचा काडीचा संबंध नाही ते कुंपणाला टेकून. गावात कुणाच्या घरी साखर नसली तर कुणाला कळत नाही, पण संशय कुठं शिजतोय त्याचा वास सगळ्यांना लागतो.

"भाचे," लामेकनं सुरुवात केली, अगदी गोड आवाजात, "नाव सांग. मी चिडणार नाही."

"कुणाचं नाव, मामा?"

"ज्याच्यासाठी बंद करून घेतेयस त्याचं."

एलुबीनं आईकडे बघितलं. डायलेसीनं नजर चटईत रुतवली. तेव्हा एलुबीला कळलं, कागद कोंड्याच्या पोत्याखालून कुणी नेला ते.

"कुणी नाही," ती म्हणाली.

"बरं, कुणी नाही. मग मला म्हाताऱ्याला हे समजावून सांग, पाऊस नसताना छत्री कोण उघडतं?"

कुंपणापाशी हशा पिकला. लामेक इकडेतिकडे बघत खुलला.

"पाऊस डिसेंबरात येतो, मामा," एलुबी म्हणाली.

आता बायकाही फसकन हसल्या. उखळावरचा फोन मात्र खवळला. "ऐकलंत? ऐकलंत कशी बोलते? आणि तो हॅरोल्ड कोण? मला इथं बसून सगळं कळतं!"

बिचारा हॅरोल्ड त्या वेळी तीन गावं पलीकडे पोरांना लस टोचत होता. त्याचा दोष एवढाच की त्याचे दात पांढरे होते.

एलुबीनं कमरेची वही काढली आणि लाल शाईतलं वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. वायसनच्या मामाची डुलकी मोडली.

"कुणी लिहिलं हे?" लामेकनं विचारलं.

"डॉक्टरनं."

"पुरुष की बाई?"

"पुरुष."

"हं!" लामेकनं चोर पकडल्यासारखं चहूकडे बघितलं.

आता सांगा, अशा माणसापुढं काय पुरावा ठेवायचा? संशयाला औषध नाही म्हणतात ते उगाच नाही. वही दाखवली तर वही खोटी, रडली तर नाटक, नाही रडली तर निगरगट्ट. एलुबीनं वही मिटली.

मग लामेकचा आवाज बदलला. तो तिच्यापुढं येऊन खाली बसला, अगदी लहानपणी तिला ऊस सोलून द्यायचा तसा, आणि यातलं नाटक किती आणि खरं किती हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"एलुबी, मी तुझा वैरी आहे का? आपल्या कुळात बायका किती उरल्यात? तुझी आई म्हातारी झाली. राहिलीस तू. तुला देवानं दिले मुलगे. माझ्या आईचं नाव पुढं कोण चालवणार? मी जास्त मागत नाही. एक मुलगी होऊ दे. एकच. मग मी स्वतः येऊन सही करतो, दोन करतो."

"बरोबर आहे मामांचं," फोन म्हणाला. "एकच."

वायसनच्या मामानं मान डोलावली. कुंपणापाशीही माना डोलल्या. एकच तर मागतोय, त्यात काय?

तेवढ्यात चटईवरून डायलेसी उठली. तिला बैठकीत बोलायची सवय नव्हती.

"मालिताला तू काय म्हणाला होतास, लामेक?"

मालिता ही त्यांची थोरली बहीण. अठरा वर्षांपूर्वी सातव्या बाळंतपणात गेली.

"आता तिचं काय इथं?"

"तिला सहा झाले होते, सगळे मुलगे. पाय सुजले होते तिचे, उखळाएवढे. मी म्हटलं होतं, पुरे कर. तू आलास, असाच खाली बसलास, असाच. आणि म्हणालास, एक मुलगी होऊ दे. एकच. मुलगी झाली. दोघींना एका खड्ड्यात ठेवलं आपण. तू तिथं फार छान बोललास."

"डायलेसी, लोक बसलेत..."

"बसू दे की! लोकांना बोलावलंस तू. मी कागद तुझ्याकडे आणला, चूक झाली माझी, लेकीवर संशय घेतला. माझ्या कुळात मुलगी एकच आहे रे. ती ही बसलीय. जी अजून आलीच नाही तिच्यासाठी तू हिला पुरायला निघालास?"

फोनमध्ये वायसन "हॅलो, हॅलो" करत होता. लामेक उठला, गुडघ्यावरची माती झटकली आणि खिशात घडी करून ठेवलेल्या कागदावर हात दाबला.

"कागद माझ्याकडे राहील," तो म्हणाला. "माझ्या सहीशिवाय करून दाखव."

गुरुवारी सकाळी मायलेकी दवाखान्याच्या वाटेला लागल्या. अर्ध्या वाटेवर डायलेसीला राहवलं नाही.

"एलुबी, आता तरी खरं सांग. आहे का गं कुणी?"

एलुबी थांबली. "असता तर परत फिरली असतीस?"

डायलेसीनं विचार केला. खरंच केला, वाटेत उभं राहून.

"नाही," ती म्हणाली. "असला तरी पोट तुझंच फाटणार. त्याचं काय जातंय?"

"कुणी नाही, आई."

"बरं बाई." पण दहा पावलांवर तिनं पुन्हा लेकीकडे तिरक्या नजरेनं बघितलंच. एकदा लागलेली खोड इतक्या लवकर सुटत नाही.

केंद्राच्या बाकावर नऊ बायका होत्या. गाडी येऊन लागली होती. गोमानीसाहेब दारात फाईल घेऊन उभे होते.

"सही?"

"मी करते," डायलेसी पुढं झाली. "अंगठा कुठं द्यायचा सांगा."

"आईचा चालत नाही."

"का चालत नाही? घर माझं, शेत माझं, लेक माझ्या पोटची. तिच्या मामानं तिला नऊ महिने वागवलं होतं का?"

"आजी, नियम आहे. मी नाही केला. सरकारचा आहे."

"मग सरकारला बोलवा!"

आवाज ऐकून गाडीबरोबर आलेली डॉक्टर बाहेर आली. टेंबो तिचं नाव. पोरगेलीच होती, पायात रबरी चपला. तिनं एलुबीची वही मागून घेतली, लाल शाईपाशी थांबली आणि पुन्हा एकदा वाचलं.

"हिला अजून बाहेर का बसवलंय?" तिनं विचारलं. "कागद कुठं आहे हिचा?"

"मामाच्या खिशात," एलुबी म्हणाली.

डॉक्टरला हसू आलं. तिनं गाडीतल्या खोक्यातून नवा कागद काढला, टेबलावर ठेवला आणि एलुबीच्या हातात पेन दिलं. "वाचता येतं ना? सगळं वाच, काही विचारायचं असेल तर विचार. मन बदललं तर आत्ताही परत जाता येईल. मग इथं सही कर."

एलुबी आठवीपर्यंत शिकली होती. तिनं ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं. मग कागद उलटून बघितला, परत सुलटा केला.

"मामाची रेघ कुठंय?"

"कुठली रेघ?"

"दुसऱ्या सहीची. नवऱ्याची नाहीतर मामाची. आमच्या कागदावर असते."

डॉक्टरनं गोमानींकडे बघितलं. गोमानी पेन्सिली सारख्या करायला लागले. सिस्टर ग्वाझानं कपाटातला गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. तोच कागद, तीच छपाई. पण खाली, छापील काळ्या रेघेपासून बोटभर अंतरावर दुसरी रेघ होती, निळ्या बॉलपेननं, फुटपट्टी लावून ओढलेली. तिच्याखाली बारीक सुबक अक्षरात लिहिलेलं, नवरा अथवा मामा. पन्नासच्या पन्नास कागदांवर. एकही रेघ वाकडी नव्हती.

"हे तुम्ही केलंत?" डॉक्टरनं विचारलं.

"मॅडम," गोमानींचा आवाज खाली आला, "तुम्ही महिन्यातून एकदा येता आणि संध्याकाळी गाडीत बसून जाता. गेल्या वर्षी एक जण कुदळीचा दांडा घेऊन आला होता, माझी बायको कुणी बंद केली म्हणून. घराची खिडकी फोडली त्यानं. माझी मुलं आत झोपली होती. तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"पोलिसांत गेले असते."

"मी रेघ ओढली," गोमानी म्हणाले. "सही असली की कुणी भांडत नाही."

खरं सांगायचं तर गोमानी वाईट माणूस नव्हे. कॉलऱ्याच्या साथीत तो सहा आठवडे घरी गेला नव्हता, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून तर मला त्याची जास्त भीती वाटते. वाईट माणसाला गाव ओळखून असतं.

"किती जणी परत गेल्या?" डॉक्टरनं विचारलं.

सिस्टर ग्वाझानं टेबलाचा खण ओढला. रबर लावलेली चौदा कार्डं होती. प्रत्येकावर गोमानींच्याच सुबक अक्षरात, सही नाही, परत पाठवली. सिस्टरनं ती एकेक करून मांडली, आणि चौथं मांडताना तिचा हात थांबला.

"काय लिहिलंय त्याच्यावर?" डायलेसीनं विचारलं.

एलुबीनं वाचलं. "फानेसी. चार मुलं. मार्च."

गोमानींनी टोपी काढली आणि परत घातली. एलुबीनं पेन उचललं, छापील रेघेवर आपलं पूर्ण नाव लिहिलं, कुळाच्या नावासकट, आणि आत गेली.

जुने व्रण असल्यामुळे नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. दुपार कलल्यावर दोघी निघाल्या, एलुबी सायकल-टॅक्सीच्या मागच्या गादीवर, डायलेसी बाजूनं हात धरून. एनिफाच्या घरापाशी एलुबीला घेरी आली म्हणून उतरावं लागलं. एनिफा सावलीत तुरीच्या वाळक्या शेंगा सोलत बसली होती. फानेसीचं धाकटं तिच्या मांडीवर होतं. तिनं चटई पुढं सरकवली, पाणी दिलं.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"बरं झालं. लामेकनं केली का सही शेवटी? देवानं बुद्धी दिली म्हणायची."

डायलेसीनं भांडं खाली ठेवलं. खोटं बोलणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर विषय मिटला असता.

"नाही केली. लागत नाही, एनिफा. कागदावर दुसरी रेघच नाही. ती गोमानीनं ओढलेली, हातानं."

एनिफाचे हात चालूच राहिले. दाणे सुपात पडत होते.

"कधीपासून?"

"गेल्या वर्षापासून."

"म्हणजे मार्चात..."

"हो."

"मी तीनदा गेले होते जावयाकडे," एनिफा म्हणाली, "मळ्यापर्यंत, चालत. त्याच्या त्या बाईसमोर गुडघ्यावर बसले. म्हटलं, काही नको तुझं, एवढी सही दे." तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "लागतच नव्हती?"

मांडीवरचं पोर दाण्यांकडे हात नेत होतं, एनिफानं त्याचा हात धरला आणि तसाच धरून ठेवला.

नाताळाला वायसन आला. चार दिवस तो बायकोशी बोलला नाही, पाचव्या दिवशी त्यानं हॅरोल्डची सायकल अडवली आणि हॅरोल्ड रडायला लागल्यावर सोडून दिली. जानेवारीत परत गेला. फोन अजून येतात, मागं आवाज कुणाचा म्हणून. एलुबी आता फोन सरळ कोंबड्यांपुढं धरते. लामेक मुखिया झाला नाही आणि त्याचं खापर तो भाचीवर फोडतो. फोडू दे. ती ऐकायला जिवंत आहे.

केंद्रात आता एकाच छापील रेघेचे कागद असतात. वरून तंबीही आली. पण आमच्याकडे तंबीवर कोण विश्वास ठेवतो? एनिफा तर नाहीच. शस्त्रक्रियेची गाडी येते त्या प्रत्येक गुरुवारी ती फानेसीच्या धाकट्याला पाठीशी बांधून येते आणि दवाखान्याच्या पायरीवर बसते. गोमानी तिला बघून न बघितल्यासारखं करतात, पण हाकलायची त्यांची छाती नाही. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला ती हात करून थांबवते.

"दाखव गं पोरी, कागद दाखव."

तिला वाचता येत नाही. ती कागद उजेडाकडे धरते, खालच्या बाजूला अंगठा फिरवत निळं काही दिसतंय का ते बघते, पाठपोट बघते, आणि मग परत देते.

"एकच आहे," ती म्हणते. "जा आत. तुझी सही पुरते."